अप्पांचे दहा घोट

१

अप्पांना सकाळी साडेसहाला काट्यावर उभं करायचं, आकडा वहीत लिहायचा आणि मग नाश्त्याला बसायचं. नाश्ता म्हणजे एक वाटी. कधी कुस्करलेलं केळं, कधी गाळलेलं सूप, कधी दुधात भिजवून लगदा केलेला पाव. ही वाटी संपायला सव्वा तास लागतो. संपते म्हणजे काय, वाटीतून संपते. निम्म्याहून जास्त शेजारी धरलेल्या निळ्या प्लास्टिकच्या भांड्यात परत येते, आणि ते भांडं धुणं हे माझं दिवसातलं दुसरं काम.

अप्पा माझे वडील. वय एक्क्याऐंशी. गेले चार महिने त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. उतरलाच तर छातीत मध्येच अडकून बसतो आणि थोड्या वेळाने आला तसा परत येतो. आत कॅमेरा घालून बघून झालं, गाठबीठ काही नाही. मग पोटाच्या डॉक्टरांनी कागदावर एक नळी काढली आणि तिच्या खालच्या टोकाला पेनाने गोल गिरवला. "अन्ननलिकेच्या तळाशी हा स्नायू असतो. घास आला की त्याने उघडायचं. तो उघडत नसावा असा मला संशय आहे. पण नुसत्या संशयावर मी ऑपरेशन करत नाही. आधी टेस्ट."

टेस्ट अशी: नाकातून एक बारीक नळी पोटापर्यंत न्यायची, खारट पाण्याचे दहा घोट गिळायला लावायचे, आणि गिळताना आत कुठे किती जोर लागतो ते मशीनवर बघायचं. घोट अडकताना दिसले तर एक छोटं ऑपरेशन, आणि अप्पा पुन्हा आपल्या हाताने जेवणार. सगळं नीट दिसलं तर ऑपरेशन नाही. "मग दुखणं मनाचं आहे असं समजायचं," डॉक्टर म्हणाले, "आणि तुम्ही आत्ता करताय तेच करत राहायचं."

आत्ता करतेय ते मी चार महिने करतेय, आणि माझा जीव मेटाकुटीला आलाय. मी एक्कावन्न वर्षांची आहे, लग्न केलं नाही, वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. एकवीस वर्षांनी बढती मिळालीय, तीही दुसऱ्या गावी. एक तारखेला हजर व्हायचंय. धाकट्या भावाने सरळ सांगून टाकलंय, "ताई, अप्पा स्वतःचं स्वतः जेवायला लागले की दुसऱ्या दिवशी घेऊन जातो त्यांना. पण हे असं तीन-तीन तास भरवणं आम्हा दोघांना नोकऱ्या सांभाळून नाही जमायचं." तो खोटं बोलत नाही. मला तरी कुठे जमतंय?

म्हणून टेस्ट, आणि टेस्टच्या आधी सात दिवसांची तयारी. हॉस्पिटलने छापील कागद दिला होता. तीन गोळ्या बंद. रोज सकाळी वजन. काय खाल्लं, किती परत आलं, कुठे अडकलं, सगळं लिहायचं. शेवटच्या दिवशी सहा तास पाण्याचा थेंबसुद्धा नाही. तो कागद मी फ्रिजवर चिकटवला आणि कामाला लागले.

आणखी एक सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. कोणीही कोणाला भरवत असेल तर नीट बघा. भरवणाऱ्याचं तोंड आपोआप उघडतं, आणि समोरच्याने घास घेतला की भरवणारा स्वतःच आवंढा गिळतो. अप्पांच्या प्रत्येक चमच्यामागे माझाही एक आवंढा असायचा. यात विशेष काही नाही, कुठल्याही आईला विचारा.

२

पहिल्या दिवशी अप्पांचं वजन भरलं शेहेचाळीस किलो दोनशे ग्रॅम. दुसऱ्या दिवशी शेहेचाळीस सहाशे. तिसऱ्या दिवशी सत्तेचाळीस शंभर.

आकडा लिहिला आणि मी वहीकडे बघत बसले. आदल्या दिवशी तीन वाट्या दिल्या होत्या. परत किती आलं तेही मापाच्या भांड्याने मोजून लिहिलं होतं. आत राहिली होती जेमतेम अर्धी वाटी. अर्ध्या वाटीवर माणूस दिवसाला अर्धा किलो चढत नाही.

दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, चला, अंगी लागतंय. मी कसली म्हणतेय! माझा जन्म गेला दुकानदारांचे काटे तपासण्यात. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक बघितलंय, आतून पोखरलेली वजनं बघितलीत. माणूस एक सांगतोय आणि काटा दुसरं, असं झालं की माझा पहिला संशय काट्यावर जातो. त्या दिवशी ऑफिसातलं वीस किलोचं प्रमाणित वजन मी स्कूटरच्या पायाशी ठेवून घरी आणलं. ते बाहेर न्यायचं तर रजिस्टरवर सही लागते. मी सही केली नाही. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

वजन काट्याच्या मधोमध ठेवलं, वीस. मग नियमाप्रमाणे चारी कोपऱ्यांवर सरकवून बघितलं. वीस, वीस, वीस, वीस. काट्यात काही खोट नव्हती.

अप्पा खुर्चीत बसून गंमत बघत होते. "काय गं, घरावरच धाड घातलीस?"

"काटा बघतेय."

"माझा संशय असेल तर माझी झडती घे." आणि हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा हसले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्यांच्या गालांवर जरा तकाकी आलीय.

काटा पुढ्यात होताच, म्हणून मीही उभी राहिले. गेल्या महिन्यात ऑफिसच्या तपासणीत मी अठ्ठावन्न होते. काटा म्हणाला चोपन्न. दगदग, म्हटलं. जागरणं, भांडी, पायऱ्या, उन्हातान्हात बाजार. चार किलो जाणारच. पण खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मी कमी खातच नव्हते. उलट जेवून उठलं की तासाभरात पोटात पुन्हा कावळे ओरडायला लागायचे. ते मात्र मी वहीत लिहिलं नाही. वही माझी नव्हती.

३

छापील कागदाच्या तळाशी एक ओळ होती: रुग्णाने अर्धा मिनिट न गिळता बसण्याचा सराव करावा. टेस्टमध्ये दोन घोटांच्या मध्ये गिळायचं नसतं, नाहीतर मशीनचा गोंधळ होतो. चौथ्या दिवशी दुपारी मी अप्पांना टेबलाशी बसवलं, समोर मी बसले आणि मोबाइलवर वेळ लावली.

"सुरू."

सातव्या सेकंदाला त्यांचा कंठमणी वर जाऊन खाली आला.

"अप्पा, गिळलंत."

"मी कुठे?"

पुन्हा सुरू. बाराव्या सेकंदाला गिळलं. पुन्हा. नवव्याला. "जरा दम धरा ना हो, अर्धा मिनिट म्हणजे काही वर्ष नाही," मी वैतागले. त्यांना ते लागलं. "अगं, मी काही करतच नाहीये," म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

पाचव्या वेळेला माझं डोकं इतकं तापलं होतं की मी दातावर दात दाबून नुसती त्यांच्या गळ्याकडे बघत राहिले. तीस सेकंद झाले. चाळीस. पन्नास. कंठमणी जागचा हलला नाही. "शाब्बास," म्हणायला मी तोंड उघडलं, तोंडात साचलेली लाळ गिळली, आणि त्याच क्षणी त्यांचा कंठमणी हलला.

योगायोग. मी पुन्हा वेळ लावली आणि या वेळी मुद्दाम वीस सेकंदांनी गिळलं. त्यांनीही विसाव्याला. मग पंधराव्याला. मग मी पाठोपाठ तीनदा गिळलं. तीनदा. जांभईचं नाही का असंच असतं, मी मनाशी म्हटलं, एकाने दिली की दुसऱ्याला येते. बघून बघून होत असेल. ते माझ्याकडे बघतायत आणि नकळत माझी नक्कल करतायत, बास.

पण बघून होत असेल तर न बघता होणार नाही, हे तपासायला काय लागतं? "आलेच," म्हणून मी स्वयंपाकघरात गेले, दार लावून घेतलं. फ्रिजमधून बाटली काढली, पेला भरला आणि एका दमात प्यायले.

दाराच्या पलीकडून आवाज येत होता. घटाघट पाणी पितानाचा, मोठ्या तहानेने पितानाचा. पेला रिकामा झाला आणि आवाज थांबला.

दार उघडलं. अप्पा होते तिथेच होते, दोन्ही हात मांडीवर. टेबलावर मोबाइलशिवाय काही नव्हतं. त्यांनी मनगटाने ओठ पुसले.

"फ्रिजमधलं नको पीत जाऊस गं," ते म्हणाले, "दात शिवशिवतात."

४

त्या दिवशी उरलेला वेळ मी कपाट आवरत बसले. आवरण्यासारखं काही नव्हतं, पण अप्पांच्या समोर बसायचं नव्हतं. मला आधी भीती वाटलीच नाही. राग आला. कोणावर, ते सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले. मी नसते तेव्हा शेजारच्या काकू अप्पांपाशी बसतात. काकू म्हणजे देवमाणूस, फक्त तोंडाला खळ नाही. त्या दिवशी माझी तपासणी होती गावाबाहेरच्या घाऊक बाजारात, घरापासून बारा किलोमीटरवर. पोत्यांचे मोठे काटे, धूळ, हमालांची आरडाओरड. दुपारी एक वीसला मी आणि जीपचा ड्रायव्हर एका टपरीवर थांबलो. मी पाव आणि दोन उकडलेली अंडी घेतली. मीठ घालताना डबीचं झाकण निघालं आणि सगळं मीठ अंड्यावर पडलं. झटकलं, आणि खाल्लं. भूक तशीच होती.

घरी आले तर काकू दारातच.

"आज कमाल झाली बाई! सकाळपासून नुसते पडून होते, वाटी पुढे केली तर मान फिरवायचे. आणि दुपारी एकाएकी उठून बसले की! सव्वा-दीड झाला असेल. बसले आणि चावायला लागले. तोंडात काही नाही हं, मी बघितलं ना उघडून. पण काय चवीने चावत होते! मी म्हटलं, काय खाताय आजोबा? तर म्हणतात कसे, अंडं. मीठ फार झालंय म्हणाले." काकूंना हसू आवरेना. "वर छान ढेकर दिली. माझे सासरेही शेवटी शेवटी असंच करायचे हो, घाबरू नकोस."

मी घाबरले. काकू गेल्यावर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पालथ्या बादलीवर बसून राहिले. चार दिवसांपूर्वी एका चमच्याइतकं अंतर होतं. मग दार. आज बारा किलोमीटर.

बाहेर आल्यावर मी अप्पांना थेट विचारलं. इतकं थेट त्यांच्याशी मी कधी बोललेली नाही. "अप्पा, मी काही खाल्लं की तुम्हाला कळतं?"

त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "मी काय मुद्दाम करतो?" म्हणाले. "तू जेवलीस की मला बरं वाटतं, एवढंच."

कुठलाही बाप हेच म्हणेल. मी वाटी आणायला आत गेले.

५

टेस्ट अकराला होती, म्हणजे पहाटे पाचनंतर काही नाही. मीही काही घेतलं नाही. अप्पांचं वजन पन्नास किलो दोनशे. मी लिहिलं. माझं मी केलंच नाही.

आदल्या दोन दिवसांत मी ठरवून टाकलं होतं. टेस्टच्या वेळी अप्पा पलंगावर झोपतील, मशीनवर जे कोणी असेल ते "गिळा" म्हणतील, आणि मी शेजारी असेन किंवा बारा किलोमीटरवर असेन, माझा आवंढा गेला की मशीनवर उमटणार. माझा घसा ठणठणीत आहे. रिपोर्ट येईल सगळं नीट. ऑपरेशन नाही, मनाचं दुखणं, करताय तेच करत राहा. म्हणजे मी गिळत राहायचं. ते गिळायचे थांबेपर्यंत, नाहीतर मी.

तेव्हा टेस्ट चालू असताना गिळायचं नाही. दहा घोट, मध्ये अर्धा-अर्धा मिनिट, म्हणजे सहा-सात मिनिटं. डॉक्टरांना अप्पांचा स्वतःचा घसा दिसू दे, स्वतःची नळी, स्वतःचा तो न उघडणारा स्नायू. मग ते कापतील, अप्पा आपलं आपण जेवतील आणि मी सुटेन. सुटेन हा शब्द मनात आला आणि मला माझीच लाज वाटली, पण शब्द काही बदलला नाही. मी ऑफिसच्या टॉयलेटमध्ये उभी राहून सराव केला. लाळ साचली की रुमालात टिपायची. साडेसात मिनिटांपर्यंत गेले.

निघताना धाकट्याचा फोन आला. "ताई, काळजी करू नकोस. रिपोर्ट चांगला येईल."

"चांगला नको येऊ दे. ऑपरेशन निघू दे म्हण."

"असं कोणी म्हणतं का गं?" तो हिरमुसला. त्याला काय सांगणार होते? फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं, आणि समोर बसूनही नव्हतं.

टॅक्सीत अप्पा खिडकीतून बाहेर बघत होते. सिग्नलला माझ्याकडे वळून म्हणाले, "तूही उपाशी आहेस वाटतं?"

"हो."

"तरीच," ते म्हणाले आणि पुन्हा बाहेर बघायला लागले.

६

टेस्टची खोली तळमजल्यावर, कॉरिडॉरच्या टोकाला होती. खिडकी नाही. एक पलंग, एक मशीन, त्यावर मोठा पडदा, एक स्टूल. पंख्याचा नव्हे, मशीनचा घरघर आवाज. मशीनवाल्या बाई माझ्याच वयाच्या असतील, कामाने पिचलेल्या. सकाळपासूनची त्यांची ही चौथी टेस्ट. "नातेवाईक थांबले तरी चालेल, हात धरा त्यांचा. पण मध्ये बोलू नका," म्हणाल्या. मी स्टुलावर बसले आणि रुमाल मुठीत धरला.

त्यांनी नळीला जेल लावलं आणि अप्पांच्या नाकात सरकवायला सुरुवात केली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. नळी घशाशी पोचली तेव्हा मला असा उमासा आला की मी भिंतीला धरून वाकले. अप्पा शांत पडून होते.

"आजोबा, तुम्ही तर फार शूर निघालात," बाई म्हणाल्या. "भलेभले इथे उलट्या करतात. तुमच्यापेक्षा मुलगीच घाबरलीय."

पडदा उजळला. वरून खाली घसा ते पोट, सगळी निळी जागा. "निळं म्हणजे जोर नाही," बाईंनी आधी हजार वेळा सांगितलं असेल तसं सांगितलं. "जोर आला की पिवळं, लाल होतं. आणि हा खाली एक पट्टा फुगतोय, बारीक होतोय ना, तो श्वास." तो पट्टा संथ फुगत होता, संथ बारीक होत होता. बघताना बरं वाटत होतं.

बाईंनी सिरिंजने पाणी अप्पांच्या तोंडात सोडलं. "गिळा."

मी दात दाबले. पडदा निळाच राहिला.

"गिळा आजोबा. पाणी तोंडातच आहे."

निळाच. अप्पांच्या ओठांच्या कोपऱ्यातून पाणी ओघळून उशीवर पडलं. बाईंनी पुसलं, दुसरा घोट दिला. तोही ओघळला. तिसरा. "हे काय, घसासुद्धा हलत नाहीये," त्या स्वतःशीच बोलल्या. "खाली अडकणं वेगळं. पण यात वरूनच काही निघत नाही. मला मोजायला काहीतरी द्या ना, आजोबा."

म्हणजे खालचा स्नायू बिघडलाय का, हे कळायलाच मार्ग नव्हता. त्यांच्या स्वतःच्या घशात काही शिल्लकच नव्हतं. माझं तोंड लाळेने भरलं होतं, मान आखडली होती. रुमाल केव्हाच भिजून चिंब झाला होता. आता गिळलं जाणार असं वाटलं तेव्हा मी श्वासही रोखून धरला.

पडद्यावरचा खालचा पट्टा बारीक झाला आणि तसाच राहिला.

मी त्याच्याकडे बघत होते. तो पुन्हा फुगेल म्हणून वाट बघत होते.

"आजोबा, श्वास रोखू नका," बाई म्हणाल्या.

श्वास मी रोखला होता.

मी मान वळवली. अप्पांची छाती हलत नव्हती. डोळे उघडे होते आणि माझ्यावर होते. त्यांत भीती नव्हती, विनवणी नव्हती. दुकानात गर्दी असली की आपला नंबर येईपर्यंत माणूस उभा असतो ना, तसे बघत होते. मी सोडायला हवा होता श्वास. पण मी तपासणारी बाई, एकदा बघून माझं भागत नाही. मी आणखी धरला. किती, ते माहीत नाही. त्यांचे ओठ निळसर व्हायला लागले. बाई उठल्या, त्यांनी अप्पांचा खांदा हलवला, "आजोबा! अहो आजोबा!" कुठेतरी पीं पीं सुरू झालं.

मी श्वास सोडला. खोलीत दोन छात्यांचा आवाज एकदम झाला. पट्टा फुगला.

मग मी दोन छोटे श्वास घेतले. पट्ट्यावर दोन छोटे फुगे आले. एक लांब घेतला, लांब आला. त्यानंतर मी बघायचं सोडून दिलं.

"घाबरलात ना? होतं असं कधीकधी," बाई घाम पुसत म्हणाल्या. "पहिले तीन धरत नाही. नव्याने करू. पण आता नाही झालं तर मात्र बंद करावं लागेल हं." सिरिंज भरली. "गिळा."

मी अप्पांना मारू शकत नव्हते. एवढंच. मी गिळलं.

निळ्या पडद्यावर वरून खाली एक तिरपी रेघ उतरली, पिवळी, मग लाल, आणि तळाशी पोचली तेव्हा तो स्नायू अलगद उघडला.

"वा!" बाई खुश झाल्या. "सुरेख. जमतंय की! आता असेच नऊ."

त्या नऊ वेळा गिळा म्हणाल्या आणि नऊ वेळा मी कोरडा आवंढा गिळला. शेवटी शेवटी घसा खरवडून निघत होता. दहाच्या दहा रेघा एकसारख्या आल्या. इतकी छान टेस्ट या वयात बघायला मिळत नाही, असं त्या म्हणाल्या.

७

कागद घेऊन तिसऱ्या मजल्यावर डॉक्टरांना दाखवायचे होते आणि लिफ्ट बंद होती. अप्पांना जिन्यापाशी बाकावर बसवलं. नाक पुसून दिलं, शालीचं टोक नीट केलं. चांगले दिसत होते. गाल भरलेले, ओठ पुन्हा लाल.

"रिपोर्ट चांगला आला ना?" त्यांनी विचारलं.

"हो. सगळं नीट आहे."

"म्हणजे कापाकापी नाही."

"नाही."

ते समाधानाने मागे टेकले. "मग बदलीचं काय ठरवलंस?"

"जात नाही मी."

"वेडी आहेस का? एवढ्या वर्षांनी बढती आलीय. जा की."

"आणि तुम्ही?"

"माझं आता काय अडतंय?" ते म्हणाले. अगदी मायेने म्हणाले, माझ्या हातावर थोपटत. "मी राहीन धाकट्याकडे. त्याला सांग, भरवायबिरवायला लागणार नाही. तू तिकडे वेळेवर जेवत जा म्हणजे झालं. आणि तब्येतीला जप पोरी. सर्दीबिर्दी होऊ देऊ नकोस."

कागद घेतले आणि जिना चढायला लागले. रडू येत होतं. हॉस्पिटलात रडणाऱ्या बाईकडे कोणी बघत नाही, पण मला अप्पांच्या समोर रडायचं नव्हतं, म्हणून मी दोन-दोन पायऱ्या घेत, जवळजवळ धावत पहिला मजला गाठला. छाती धडधडत होती. चार महिन्यांत पहिल्यांदा मला काही जोरात करावंसं वाटलं होतं. दुसऱ्या मजल्याचा निम्मा जिना मी तसाच चढले.

खालून हाक आली.

"अगं, हळू! मला धाप लागतेय."

कठड्यावरून वाकून बघितलं. बाकावर मागे टेकून बसले होते, छातीला हात लावून, तोंड वर करून. जवळून जाणारी एक नर्स थांबून त्यांना काहीतरी विचारत होती. ते मान हलवत होते, काही नाही, काही नाही, होईल आता.

मी पायरीवर थांबले. माझा श्वास हळूहळू खाली बसला. त्यांनी छातीवरचा हात काढला, नर्स निघून गेली, आणि त्यांनी मला हाताने खूण केली, चल.

अजून दीड मजला होता. मी कठड्याला धरलं आणि एकेक पायरी चढायला लागले.